पाळीवरची वखार आणि आईचा चौक

माझ्या आईबापाच्या लग्नात पंगतीला भात मी वाढला होता. डहाणूला कॉलेजात असताना वसतिगृहातल्या मैत्रिणींना हे सांगितलं. मग एकीने विचारलं, "म्हणजे आधी तू आणि मग लग्न?" सगळ्या हसल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना खरोखरच गंमत वाटली होती. मीही थोडी हसले आणि समजावून सांगायला बसले. आता शिक्षिकेची नोकरी संपवून घरी बसल्यावर तेच पुन्हा सांगायला घेतलं आहे, कारण ज्या जागेवर ते लग्न लागलं ती जागा आता कुणाला बोटाने दाखवता येत नाही.

आमच्या वारली लोकांत पूर्वी असं होतं. मुलीच्या बापाला देज दिलं, चार माणसांदेखत ताडी पिऊन बोलणं झालं, की मुलगी नांदायला यायची. संसार सुरू व्हायचा, पोरंबाळं व्हायची. हळद, मांडव, गावजेवण हे सगळं ऐपत होईल तेव्हा. कुणाची ऐपत दोन वर्षांत व्हायची, कुणाची नातवंडं झाल्यावर. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. फक्त एका गोष्टीला अडायचं. दुसऱ्याच्या लग्नात घरातल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायचा तो सवासणींनी, आणि सवासिण म्हणजे जिला स्वतःला हळद लागलेली आहे आणि जिचा नवरा जिवंत आहे ती. जिचं लग्न लागायचं राहिलं आहे ती तांदूळ वाटून देऊ शकते, भिंत सारवू शकते, पाणी भरू शकते. भिंतीला पांढरं लावायचं नाही.

माझ्या आईला सगळे जानी म्हणत. तिचं माहेर रानशेतचं. तिच्या हाताला चौक होता, असं पाड्यातल्या बायका म्हणायच्या, आणि ते खरं होतं. चुलीपुढच्या राखेत, अंगणातल्या ओल्या मातीत, भाकरीच्या पिठात तिचं बोट सारखं फिरायचं. देवीचा चौकोन, त्याच्या चारी बाजूंच्या बारीक साखळ्या, कोपऱ्यातले चंद्र-सूर्य, फणी, शिडी. भाकरी थापायच्या आधी ती परातीतल्या पिठावर दोन रेघा ओढायची आणि मग पाणी घालायची. चौकाची गाणीसुद्धा तिला सगळी येत होती. लग्न लावणाऱ्या धवलेरीला, म्हणजे आमच्या पवनी आजीला, वयामुळे मधली ओळ आठवायची नाही तेव्हा ती गाणं न थांबवता आईकडे नुसतं बघायची, आणि आई दारातून ओठ हलवून तिला शब्द द्यायची. दारातूनच. आत बसायचा तिला हक्क नव्हता.

एकदा शेजारच्या घरी चौक चालला असताना तिथल्या एका लहानग्या पोरीने पिठात बुडवलेली काडी आईच्या हातात नेऊन दिली. पोरीला काय कळतंय, तिला वाटलं ही बाई नुसतीच बसली आहे. सगळ्या बायकांनी लिहिणं थांबवलं. आईने काडी घेतली होती. तिच्या बोटांनी ती आपोआप लिहायला धरतात तशी धरलीही होती. मग तिने ती पोरीच्या मुठीत परत ठेवली आणि म्हणाली, "तांदूळ जरा जाडसर राहिलाय वाटतं, आण इकडं, परत वाटून देते." तांदूळ मुळीच जाडसर नव्हता. मी तिच्याजवळ बसले होते. पाट्यावर वरवंटा ती किती वेळ फिरवत राहिली, ते मी पाहिलं आहे.

आमचा पाडा तलासरीच्या बाजूला, वेवजीकडे वाट फुटते त्याच्या अलीकडे, एका तलावाच्या काठी होता. तलावाला एका अंगाने मातीची उंच पाळ होती आणि पाळीवरून जुना रस्ता जायचा. रस्त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दुकानं, अशी ती ओळ होती. दुकानं म्हणजे फार काही नव्हे. वेवजीकडून आलं की आधी मगनभाईंची भाताची गिरणी, तिच्या लोखंडी पत्र्यावर निळ्या रंगात गुजराती अक्षरं. मी गुजराती वाचायला शिकले ते त्या पाटीवरून. मग सोडावॉटरचं दुकान, गोळीच्या बाटल्यांचं. बाटली फोडताना होणारा आवाज तलावावरून पलीकडे जाऊन परत यायचा. मग एक शिंपी, मग एक न्हावी, तो झाडाखाली बसायचा. मग दामू बत्तीवाल्याची टपरी. आणि सगळ्यात शेवटी, पाळ संपते तिथे, गवताची वखार.

ज्यांनी वखार पाहिली नाही त्यांना ती सांगणं कठीण आहे. पाऊस संपला की आमच्याकडच्या माळांवर आणि डोंगरउतारांवर छातीएवढं गवत पिवळं पडायचं. ते कापून, वाळवून, बैलगाड्यांतून वखारीत यायचं. त्याच्या गंज्या इतक्या उंच लागत की पाळीवरून चालताना तलाव एका हाताला आणि गवताची भिंत दुसऱ्या हाताला असायची. हे गवत मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींसाठी जायचं. सुटं गवत पाठवणं परवडत नसे, म्हणून ते दाबून गासड्या करायच्या. त्यासाठी माणसाहून उंच लाकडी खोका होता, वरून लोखंडी दांड्याचा दाब. खोक्यात गवत टाकत जायचं आणि एका माणसाने आत उतरून ते पायांनी तुडवायचं. तुडवून तुडवून तो गवताबरोबर वर वर येत जायचा. काठापर्यंत आला की बाहेर उडी मारायचा आणि आरोळी द्यायचा, मग चौघं जण दांड्याला लोंबकळून दाब ओढायचे. माझा बा, लाडक्या, हा खोक्यात उतरणारा माणूस होता.

त्याची आरोळी आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. "हाऽऽ द्या!" एवढीच. आई चुलीशी बसून ती ऐकायची आणि आता चार-पाच झाल्या, आता निम्मा दिवस झाला, असं तिला कळायचं. दुपारी मी भाकरी घेऊन जायची. नागलीची भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, कधी रानातली भाजी. बा खोक्यातून वर यायचा तो आधी डोकं, मग खांदे, मग कंबर असा, जसा काही तो जमिनीतून उगवतोय. सगळा पिवळा. भुवयांवर धूळ, नाकपुड्यांत धूळ. गवत घासून घासून त्याच्या पिंढऱ्यांवर एक केस राहिला नव्हता, कातडी घासलेल्या भांड्यासारखी चकचकीत. तलावावर जाऊन तो चूळ भरायचा आणि थुंकलेलं पाणीही पिवळं असायचं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. गवताचं काम करणारा पिवळा, गिरणीतला पांढरा, कोळशाचा काळा, असं आम्ही धरून चाललो होतो.

पाळीवर बाच्या लग्नाची थट्टा हा रोजचा कार्यक्रम होता. दामू बत्तीवाला पेट्रोमॅक्सच्या बत्त्या लग्नाकार्याला भाड्याने द्यायचा. दिवसभर तो त्या पुसत बसलेला असायचा. बा समोरून गेला की तो म्हणायचा, "काय नवरदेव, यंदा तरी बत्ती लागते ना? तुझ्या नावाने ठेवलेल्या बत्तीच्या जाळ्या उंदरांनी खाल्ल्या."

"उंदरांना हळद लाव आधी," बा म्हणायचा. "माझं चाललंय दमाने."

मगनभाई गिरणीच्या दारातून ओरडायचे, "अरे लाडक्या, मारा पोराचं लगन झालं, आता तेच्या पोराचं पण होऊन जाएल. तू काय वरातीत काठी टेकत येशील?"

"तुम्ही धरा ना हात, शेट."

"हात तारी बायडीनो पकड, मारो कशाला?" मग सगळे हसायचे. घरी येऊन बा हे सगळं आईला सांगायचा. आई हसायची आणि म्हणायची, "माझे केस पिकायला लागले. पिकल्या केसाला हळद लावशील?"

"हळद अंगाला लावतात, जाने. केसाला नाय."

त्यांचं बोलणं असं हसण्यावारी जायचं, पण दरवर्षी भात झोडून झालं की आई एक कणगी वेगळी भरायची, वरून शेणमातीने लिंपायची आणि तिला लग्नाची कणगी म्हणायची. आणि दरवर्षी जून आला की ती कणगी फुटायची, कारण माझी शाळा. आधी आश्रमशाळा, मग तलासरीचं हायस्कूल, मग डहाणूचं कॉलेज. माझ्यामागची भावंडं जगली नाहीत. मी एकटी उरले म्हणून असेल, पण त्या दोघांनी माझ्या शिकण्याबद्दल कधी आपसात चर्चा केलेली मला आठवत नाही. कणगी फोडताना आई नेहमी एकच बोलायची, "पुढल्या वर्षी मोठी भरू." मी शिकले, पदवीधर झाले, आमच्या पाड्यातली पहिली. ज्यांच्यामुळे झाले त्यांची नावं मी शाळेतल्या मुलांना नेहमी सांगत आले आहे: आई, बा, आणि ती कणगी.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीला मी घरी आले तेव्हा पाळीवर शिरताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दिवस गवताचे होते आणि वखारीपुढे गाड्यांची रांग नव्हती. एकच गंजी लागलेली. आरोळी ऐकू आली, पण ती बाची नव्हती. दामू टपरीत बसला होता. माझ्याकडे बघून तो थट्टा न करता म्हणाला, "आलीस बाय? जा, घरी जा आधी."

बा ओट्यावर बसला होता, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर. खोकला होता आणि खोकल्याच्या मध्ये बोलणं होतं. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात दाखवलं होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं की हा माणूस काम कसलं करतो. आईने सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. गवताची धूळ छातीत बसली आहे, ती निघत नाही, जपायचं, एवढं त्यांनी सांगितलं. आईने ते मला जसंच्या तसं सांगितलं आणि पुढे म्हणाली, "निघत नाय म्हणजे काय, लखमी? खोकल्याने निघेल ना कधीतरी?" मी काय उत्तर दिलं ते आता आठवत नाही. बहुतेक हो म्हटलं असेल.

त्याच दिवाळीत दुसरी गोष्ट कळली. महामार्ग रुंद होणार होता आणि पाळ त्यात जाणार होती. माणसं येऊन पांढऱ्या खुणा मारून गेली होती. वखारीचा मालक मुंबईचा, तो म्हणे तसाही कंटाळलाच होता; तबेले हटत चालले होते, गवताला पूर्वीसारखं गिऱ्हाईक नव्हतं. एवढी एक गंजी दाबून झाली की तो दाब भंगारात काढणार होता. मगनभाई मुलाकडे संजाणला जायचं म्हणत होते. न्हाव्याच्या झाडावरही खूण होती. होळीपर्यंत सगळ्यांनी उठायचं, असं ठरलं होतं. लोक ते इतक्या साध्या आवाजात सांगत होते, जणू कुणाकडे पाहुणे यायचे आहेत.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी पवनी आजी आमच्याकडे आली. काठी भिंतीला टेकवून ती ओट्यावर बसली, बाच्या तोंडाकडे नीट बघून म्हणाली, "लाडक्या, जानीला हळद लावणार हायेस का नाय?"

आई आतून ताडकन म्हणाली, "मला नाय करायचं लगीन. जे काय हाय त्याची दवा आणायची."

"दवा मला लागते, लगीन तुला लागतंय," बा म्हणाला.

"तू बरा हो, मंग बघू."

"बरा झालो तरी वखार नाय, पाळ नाय, दामू नाय. मंग कोणाला बोलवायचं? रस्त्याला?" एवढं बोलून त्याला खोकला आला, आईने बाहेर येऊन त्याची पाठ चोळली. मग पवनी आजी जे बोलायला आली होती ते बोलली. ती आईशी बोलली नाही, माझ्याशी बोलली, कारण मी शिकलेली. "तुझा बा हाय तोवर हिला सवासिण होता येतं. तो नसला की मग कोण हळद लावणार, आणि कोणाच्या नावाने? ही जन्मभर दारातच बसेल. तू सांग तुझ्या आईला."

मला काही सांगावं लागलं नाही. आई आत जाऊन कणगीपाशी उभी राहिली होती. मी गेले तेव्हा तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या परीक्षेची फी?" मी म्हटलं, कॉलेजातल्या बाईंशी बोलते, पुढे भरेन. आणि बाईंनी खरोखर थांबून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरलेली नाही.

माघात लग्न ठरलं. आमच्यात लग्न घरच्या अंगणात लागतं, पण बा अडून बसला की मांडव पाळीवर घालायचा. पवनी आजी म्हणाली असं कधी झालं नाही. बा म्हणाला, माझा सगळा जन्म पाळीवर गेला, खोक्यात गेला, मांडवही तिथेच. शेवटी असं ठरलं की चौक घरात लिहायचा, हळद घरी लावायची आणि मांडव वखारीच्या मोकळ्या जागेत. तोवर वखार रिकामी झाली होती. दाब गेला होता, पण खोका तसाच पडून होता, लाकूड कुजलेलं म्हणून भंगारवाल्याने नेला नव्हता. पाड्यातल्या माणसांनी मांडवावर जांभळीचे टहाळे घातले आणि वरून गवत पसरलं. वखारीच्या कोपऱ्यांतून आणि खोक्याच्या फटींतून जे उरलंसुरलं निघालं ते. ते पुरेना, तेव्हा ज्यांनी ज्यांनी वखारीत काम केलं होतं त्या माणसांनी आपल्या घराच्या आढ्याखालचं, छपरासाठी ठेवलेलं गवत आणून दिलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

मगनभाई तेव्हा संजाणला गेले होते. लग्नाच्या सकाळी ते मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आले, मांडीवर तांदळाचं पोतं. गिरणी बंद करायच्या दिवशी शेवटचं जे भात काढलं त्यातला हा तांदूळ, म्हणाले, घरी न्यायचं मन झालं नाही. सोडावाल्यांनी पेट्या पाठवल्या. शिंप्याने बासाठी सदरा शिवला होता आणि माप न घेता शिवल्यामुळे तो त्याला सैल झाला. माप त्याच्या मनातलं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. दामूने दुपारपासून मांडवात बत्त्या टांगायला घेतल्या. तेव्हा लोक लग्नाला जनरेटर आणायला लागले होते, त्याच्या बत्त्यांना कुणी विचारत नव्हतं. त्याने असतील नसतील तेवढ्या सगळ्या आणल्या. बा बघून म्हणाला, "अरे, एवढ्या कशाला? माझं तोंड दिसेल सगळ्यांना."

"दिसू दे की," दामू म्हणाला. "एवढी वर्षं उंदरांना बघत होतो, आज नवरदेव बघतो."

घरात पाड्यातल्या सवासणींनी चौक लिहिला. त्या दिवशी पहिल्यांदाच तांदूळ आईने वाटला नव्हता, नवरीने वाटायचा नसतो. ती हळदीच्या अंगाने भिंतीपुढे पाटावर बसली होती आणि चौकाकडे बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मी नीट सांगू शकणार नाही. एवढं आठवतं की एका बाईने साखळीची एक ओळ चुकवली, आई ती बघून कासावीस झाली आणि काही न बोलता हात पदरात घट्ट धरून बसली. बाला हळद लावताना त्याच्या छातीची हाडं मोजता आली असती. पवनी आजीने गाणं धरलं. मधली ओळ तिला आठवली नाही, तिने सवयीने दाराकडे पाहिलं आणि दारात आई नव्हती. आई तिच्या समोर बसली होती. बायका हसल्या, पवनी आजीही हसली, आणि नवरीनेच स्वतःच्या लग्नाची ओळ पुढे म्हटली.

पाळीवर पंगती बसल्या. मी भात वाढत होते. खाली तलावाचं पाणी, वर दामूच्या बत्त्यांचा सूं आवाज, ढोल, सनई. बा मांडवात बसला होता, सैल सदऱ्यात, खोकला आला की तोंडावर उपरणं धरत. वखारीतली माणसं त्याच्याभोवती बसली होती. त्यांतल्या एकाने मध्येच खोक्याकडे बोट करून म्हटलं, "लाडक्या, एकदा दे ना." बाने मान हलवली, नाही म्हणून. मग त्याने श्वास घेतला, दोनदा घेतला, आणि आरोळी दिली. "हाऽऽ द्या!" ती पूर्वीसारखी नव्हती, आमच्या घरापर्यंत पोहोचली नसती. पण चार माणसं उठली आणि नसलेला दांडा धरून खाली बसली. लोक हसत होते. मगनभाई रुमालाने डोळे पुसत होते, मुलाला सांगत होते की धूर लागला.

होळीनंतर यंत्रं आली. मी तेव्हा परीक्षेसाठी डहाणूत होते, त्यामुळे पाळ मोडताना मी पाहिली नाही. परत आले तेव्हा गिरणीच्या जागी मातीचा ढीग होता आणि तलावाचं ते अंगच राहिलं नव्हतं. आता तिथून सहा पदरी रस्ता जातो. तलाव म्हणून जे उरलं आहे त्याला सिमेंटचा कठडा घातला आहे, दोन बाकडी आहेत, मुलं फोटो काढतात. परवा रिक्षावाल्याला मी सवयीने "वखारीशी थांब" म्हटलं. तो चांगला मुलगा होता. त्याने विचारलं, "बाई, कसली वखार? लाकडाची का?" आमचे चौक आता चादरींवर, कपांवर, डहाणू स्टेशनच्या भिंतींवर आहेत. सुंदर आहेत. कोण लिहितं, त्याला हळद लागली आहे की नाही, कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. माझ्या विद्यार्थिनींनी त्यावर पोट भरलेलं आहे आणि मला त्याचा आनंद आहे. तरी एखाद्या भिंतीपुढे मी थांबते तेव्हा काडी परत देणारा एक हात मला दिसतोच.

त्याच वर्षी चैत्रात मी परीक्षा देऊन घरी आले. बा तेव्हा ओट्यावरच असायचा, आडवं पडलं की दम लागायचा म्हणून भिंतीला टेकून बसवलेला. शेजारच्या घरी मुलीचं लग्न होतं. सकाळी दोघी बायका बोलवायला आल्या, पण दारात येऊन घुटमळल्या. मला कारण कळलं. चौक लिहिताना सवासिणीच्या घरी काही झालं तर तो चौक पुसावा लागतो, लग्न पुढे जातं. त्या दिवशी बाचा श्वास फार वाईट चालला होता. शेवटी एक म्हणाली, "जाने, चौकाला बोलवायला आलो होतो. पण..."

"आज नाय येत," आई म्हणाली. "आज त्याचं बरं नाय."

बाने हात वर केला, थांबा म्हणून. मग दम जुळवून म्हणाला, "मी आज कठं जात नाय. तू जाऊन ये."

"अरे, पण..."

"सांगतो ना. जा. पोर हाय इथं माझ्याजवळ."

आई गेली. जाताना तिने नवं लुगडं नेसलं, लग्नातलं. मी बाजवळ बसले. मध्ये फक्त कुडाची एक भिंत आणि अंगण, त्यामुळे शेजारचं सगळं ऐकू येत होतं. बायकांचं बोलणं, कुणीतरी रागावणं, मग गाणं. बा डोळे मिटून बसला होता. त्याचे पाय हलत होते. आधी मला वाटलं थंडी वाजते आहे, म्हणून मी घोंगडी घालायला गेले. मग लक्षात आलं की प्रत्येक श्वासाबरोबर तो एक पाय दाबतो आहे, मग दुसरा, खोक्यात उतरल्यावर दाबायचा तसा. कपाळावर घाम होता. मी पाणी पुढे केलं तर त्याने मान हलवून बाजूला सारलं, काम चालू असताना मध्ये बोललेलं त्याला आवडत नसे तसं.

पलीकडे गाण्यात एक आवाज वर चढला. बाने डोळे न उघडता विचारलं, "कोण म्हणतंय?"

"आई."

तो ऐकत राहिला. "चढा लावलाय तिने," म्हणाला. "बाकीच्यांना झेपायचं नाय." आणि पुन्हा पाय दाबायला लागला.

उन्हं कलल्यावर आई परत आली. हाताची बोटं पिठाने पांढरी, वाळून तडकलेली, कोपरापर्यंत शिंतोडे. तिने ते धुतले नव्हते. ती येऊन बाच्या समोर उकिडवी बसली आणि हात पुढे केले, लहान मूल दाखवतं तसे. बाने ते बघितले.

"रेघ वाकडी नाय ना काढलीस?"

"नाय."

"मंग बरं."

त्या उन्हाळ्यात ज्या ज्या घरून बोलावणं आलं तिथे आई गेली. आमच्या पाड्यात गेली, वेवजीला गेली, माहेरी रानशेतलाही जाऊन आली. निघताना ती ओट्यावर बाच्याकडे बघायची आणि बा म्हणायचा, "मी हाय." तेवढंच. ती परत येईपर्यंत तो भिंतीला टेकून, पाय दाबत, बसलेला असायचा. जेठात शेवटचं लग्न लागलं. मांडव उतरले, ढोल घरोघरी परत टांगले गेले, लोक पेरणीला लागले. आषाढात आमच्यात लग्नं होत नाहीत. बा आषाढात गेला.